बाबलीचं गाऱ्हाणं

कसालला आमच्या वाडीत बाबलीसारखं गाऱ्हाणं घालणारा दुसरा माणूस नाही. गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. देवापुढे नारळ ठेवून साऱ्यांच्या वतीने घातलेलं साकडं. बारसं असो की बोअरवेल, बाबली खणखणीत आवाज लावतो आणि दर वाक्याला लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आवाजावर पोट भरत नाही, ही गोष्ट वेगळी.

हायवे रुंद झाला त्यात त्याची चहाची टपरी गेली. तेव्हापासून तो घरात बसून बायकोच्या, तुळसाच्या, फोडणीत चुका काढत होता. तुळसा अगदी टेकीला आली होती.

अशात मुंबईला गाड्या सोडणाऱ्या एका खासगी बसकंपनीने नाक्यावर ऑफिस थाटलं. तिचं नाव काढलं की लोक कपाळाला हात लावतात. संध्याकाळची गाडी सकाळी येते, एसी प्रवाशांच्या डोक्यावर गळतो आणि फोन केला की उत्तर ठरलेलं, पाच मिनिटांत पोचतेय. तिथल्या प्रीतम मॅनेजरने बाबलीला बोलावून विचारलं, "गाऱ्हाणी ऐकायला माणूस हवाय. जमेल?"

"माका घालूक येता," बाबली बुचकळ्यात पडून म्हणाला. "आयकूक देव आसा."

"अहो, गाऱ्हाणी म्हणजे तक्रारी. फोन घ्यायचा आणि गोड आवाजात सांगायचं, गाडी येतेय."

खुर्ची, पंखा, महिन्याचा पगार. बाबली विरघळला. घरी येईस्तोवर मात्र त्याला शंका आली.

"ह्याच तोंडान फोनार खोटा बोलाचा आणि ह्याच तोंडान गाराणा घालूचा?" त्याने तुळसाला विचारलं. "लोक माझा आयकतले?"

"माका कित्याक इचारतास? देवाक इचारा."

सोमवारी देवळात अर्धी वाडी जमली. बाबलीने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, तुझो ह्यो बाबली नोकरीक लागता हा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या हाताक येस दी."

"व्हय म्हाराजा."

"आणि कंपनीची गाडी वेळेर येवंदे."

कोणी काही बोलेना. मागे कोणीतरी खोकलं. इतक्या वर्षांत बाबलीच्या गाऱ्हाण्याला असा खंड कधी पडला नव्हता. मला त्याची खरंच दया आली. मी तोंड उघडलंसुद्धा, पण त्याच कंपनीच्या बंद गाडीत घाटात काढलेली रात्र आठवली आणि ते मिटून घेतलं.

बाबलीने घसा साफ केला. "बरा. गाडी खंय आसा, ता तरी खरा सांगूची बुद्धी माका दी."

"व्हय म्हाराजा!" देवळाची कौलं हलली असतील.

दुसऱ्या दिवशी त्याने मॅनेजरला फोन लावला, स्पीकरवर. "साहेब, मी कामाला येतो. पण गाडी कुठे आहे ते खरं सांगणार. बंद पडली असेल तर बंद पडली म्हणूनच सांगणार."

पलीकडून मॅनेजर म्हणाला, "मग बाबलीशेठ, तुमचं आमचं जमायचं नाही."

बाबलीचा चेहरा पडला. स्वयंपाकघरात तुळसा फोडणी परतत होती. तिथूनच ती म्हणाली, "व्हय म्हाराजा."