द्राक्षमळ्यातली घागर

इटलीच्या त्या आठवड्याच्या सहलीत आम्ही सगळे जळगाव-धुळ्याचेच होतो. शिंदखेड्याकडचे एक आबा मात्र एकटेच आले होते. बायको पावसाळ्यात गेली, मन रमेल म्हणून पुण्यातल्या मुलानं पाठवलं, एवढंच कळलं. ते सारखे सदऱ्याचा खिसा चाचपायचे. पासपोर्ट असेल, मला वाटायचं.

एका द्राक्षमळ्यात सगळ्यांच्या हाती वाइनचे प्याले आले, फोटो सुरू झाले. आबांनी प्याल्यात नुसतं पाणी मागितलं, तो दगडी कठड्यावर ठेवला, वर पावाचा तुकडा ठेवून हात जोडले.

"हे काय, आबा?"

"आज आखाजी शे, भाऊ. तिना नावनी पहिली घागर."

मी चपापलो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नावाची पाण्याची घागर भरली की गेलेली माणसं घरी जेवायला येतात, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. पण विमानाचं तिकीट काढताना पंचांग कोण बघतं?

"पोचलं असेल हो तिला," मी उगाच म्हणालो.

त्यांनी खिशातून किल्ली काढून तळहातावर धरली.

"ती तर घर येल व्हई, भाऊ. दारले कुलूप शे."