मुंजाबांची बीन आणि राजाबाईंचा हात

पडेगावचे मुंजाबा आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझे यजमान मधुसूदन हयात होते. रेडिओ दुरुस्तीच्या आमच्या दुकानासमोर हातगाडी थांबली. तिच्यावर हार्मोनियमहून लहान अशी एक पेटी होती. पट्ट्या होत्या, भाता नव्हता. स्पीकरचं खोकं वेगळं.

"क्लॅव्हिओलिन!" मधुसूदन हरखून म्हणाले.

"आमी बीनची पेटी म्हंतो, साहेब. मुकी झालीया."

आतला एक व्हॉल्व्ह बदलल्यावर पेटी बोलू लागली. मधुसूदननी मला तिची हकिगत सांगितली. १९४७च्या सुमारास फ्रान्समधल्या एका इंजिनियरने हे वाद्य बनवलं. तारा नाहीत, हवा नाही, सूर सगळा विजेचा. एका वेळी एकच सूर वाजतो. आपल्या सिनेमात नागाची बीन म्हणून जी घरोघरी पोचली, ती यावरच वाजवलेली. पुढे सिंथेसायझर आले आणि हे वाद्य मागे पडलं. लग्नाच्या बँडमध्ये मात्र ते टिकलं.

मुंजाबांचे वडील मेंढरं राखत. मुंजाबाही लहानपणी दौलताबादच्या माळावर मेंढरांमागे फिरले. मग बँडमध्ये झांजा वाजवायला लागले आणि पेटी वाजवणारा माणूस गाव सोडून गेला तेव्हा तिच्यासमोर बसले. हातगाडीवर स्टूल, त्यावर मुंजाबा. बीन सुरू झाली की तरणी पोरं दातांत रुमाल धरून रस्त्यावर लोळायची.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बँड आधीच सुटला होता, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण यंदा नात अंबिकाचं लग्न ठरलं आणि तिने एकच हट्ट धरला, "आबा, वरात मांडवाशी आली की तुमचीच बीन पायजे."

अडचण तिथेच होती. या पेटीखाली एक दांडी असते. गुडघ्याने ती बाजूला रेटली की आवाज चढतो, सोडली की उतरतो. बीनचं डोलणं सगळं त्या दांडीत. मी पत्रिका घ्यायला त्यांच्या घरी गेले होते, त्या दिवशी मुंजाबांनी वाजवून पाहिलं. गुडघा हललाच नाही. सूर आला तो सपाट.

"ह्यो नाग न्हाय, ट्रक हाय," त्यांच्या बायको राजाबाई चुलीजवळून म्हणाल्या.

मुंजाबांनी पट्ट्यांवरून हात काढला. "अंबे, डीजेवाल्याला सांग बाई. माझ्यानं नाय व्हायचं."

राजाबाईंनी पिठाचे हात धुतले, नवऱ्याच्या पायाशी बसल्या आणि दांडीला हात घातला. "वाजवा."

मुंजाबांचा घरातला रियाज या बाईने भाकऱ्या थापत ऐकलेला. सूर कुठे फुगतो, कुठे विरतो, हे हाताला ठाऊक होतं.

"लई घाई करती तू!"

"तुमचंच बोट उशिरा पडतंय."

राजाबाईंच्या जाऊबाई आवडाबाईंना हे पटेना. "भर मांडवात नवऱ्याच्या गुडघ्याशी बसणार व्हय गं? लोक काय म्हंतील?"

"म्हंतील, म्हातारीनं नाग पाळलाय."

लग्नाला मी गेले होते. वरात आली. मांडवाच्या दाराशी मुंजाबा खुर्चीवर, राजाबाई खाली पाटावर, पदर खोचलेला. बीन चढली, डोलली, उतरली, पुन्हा चढली. नवरदेवाचे मित्र रुमाल काढून धुळीत आडवे झाले. डीजेवाला आपलं यंत्र बंद करून उभा राहिला.

तेवढ्यात अंबिका हिरव्या शालूत दारात आली. राजाबाईंनी दांडी सोडली आणि दोन्ही हातांनी तिची दृष्ट काढून कानशिलांवर बोटं मोडली. बीन एकदम विरली. आडवी झालेली पोरं माना वर करून बघू लागली.

"अगं, हात!" मुंजाबा ओरडले.

"थांबा वो. आधी नात बघा."

मुंजाबांनी पट्ट्यांवरचं बोट उचललं आणि बघत राहिले.