थोरल्या जावेचा पाट

थोरल्या जावेचा मी किती हेवा केला, ते सांगायला आता हरकत नाही. ती जाऊन बरीच वर्षं झाली आणि मलाही खोटं बोलायचा कंटाळा आला आहे.

चामोर्शीजवळच्या आमच्या घरात दर मंगळवारी तिच्या अंगात देवी येई. सासूबाई पाट मांडत, नारळ ठेवत, गावातल्या बाया तिच्या पाया पडत. दुसऱ्या दिवशी तिला धानाच्या बांधीत राबायला कोणी पाठवत नसे. इकडे तिसऱ्या बाळंतपणापासून मला झोप नव्हती, चुलीपुढं बसल्या बसल्या डोळे वाहायचे. घरात मला नाव मात्र एकच, कामचोर. तिचं दुखणं देव्हाऱ्यात आणि माझं उकिरड्यावर! नुसता जळफळाट व्हायचा माझा.

एकदा मी चांद्याला माहेरी निघाले, तेव्हा तिनं मला गोठ्यात गाठलं.

"मले सोबत ने. माह्या अंगात देवी-गिवी काई येत नाई. छातीत धडधडते, मंग भानच राहत नाई. डॉक्टरले दाखवू."

मला दया यायला हवी होती. मनात आलं ते असं, की पाटही हिलाच आणि डॉक्टरही हिलाच? मी तडक जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्या भडकल्या.

"देवी का सुई टोचून घेते? लोक म्हणतीन, घरात येडी हाय!"

तिचं उंबऱ्याबाहेर जाणं बंद झालं. त्या भडक्यात माझं माहेरही त्या खेपेला राहिलं, पण मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढच्या मंगळवारी ती पाटावर घुमत होती आणि मी रिवाजाप्रमाणे तिच्या पायांवर पाणी घालायला वाकले. चुगली कोणी केली, ते तिला ठाऊक होतं. आता ही चारचौघींत माझे वाभाडे काढणार, म्हणून मी मान वर केली नाही.

"हिले झोप नाई," ती गरजली. "चांद्याच्या डॉक्टरकडे न्या हिले. उद्याच न्या!"

सासूबाईंनी जागच्या जागी हात जोडले. दुसऱ्या दिवशी नवरा मला घेऊन निघाला. डॉक्टरनं माझं ऐकून घेतलं, औषध दिलं, पुन्हा बोलावलं. वर्षभरात मी झोपू लागले.

मग एकदा मी तिला विचारलं, तसाच हुकूम तुम्ही स्वतःसाठी काऊन नाही सोडला?

"देवीनं सोताले डॉक्टर मांगतला, तं मंग ते देवी कायची?"

तो मंगळवार होता. अंगणात बाया जमू लागल्या होत्या. तिनं केस मोकळे सोडले, आणि सासूबाई आजारी होत्या म्हणून पाट मी मांडला.