पाणी नको, करंट चालेल

मी आयुष्यात सगळ्यांत जास्त कुणाचा ऋणी असेन तर तो आमच्या गल्लीतल्या अण्णांचा. त्यांचं पूर्ण नाव इथं लिहीत नाही, कारण तशी मनाई आहे. एकदा गणेशोत्सवाच्या बातमीत पेपरवाल्यांनी त्यांचं आडनाव चुकवलं, तेव्हा त्यांनी मांडवातच जाहीर केलं, "इथनं पुढं माझं नाव कुठं छापून येणार न्हाय. बोललो म्हंजे बोललो." असं म्हणताना ते उजव्या हाताची तर्जनी उचलून हवेत खाली आपटत, टाईपरायटरवर पूर्णविराम उमटवावा तशी. बोट आपटलं की अण्णांच्या बाजूनं विषय संपायचा. बाकीच्यांचा त्रास तिथून सुरू व्हायचा.

आमचं बेळगावातलं वडगाव म्हणजे विणकरांच्या मागांचा खडखडाट. इथं सगळेच मोठ्यानं बोलतात, नाहीतर ऐकू येत नाही. पण अण्णा मोठ्यानं बोलायचे आणि वर ते पाळायचेही. बेळगावच्या कोर्टाबाहेर टाईपरायटर मांडून त्यांनी हयातभर लोकांची प्रतिज्ञापत्रं टाईप केली. 'मी शपथेवर सांगतो की' असं सांगून लोक सही करत आणि घरी जाऊन विसरत. अण्णांना मात्र ते बाधलं.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात एकदा चटणी आंबलेली निघाली. "ह्या हॉटेलात परत पाय ठेवणार न्हाय." बोट आपटलं. पण इडली चांगली मिळायची ती त्याच हॉटेलात. मग अण्णा रोज सकाळी पायरीखाली रस्त्यावर उभे राहून तिथलीच इडली खायला लागले. पावसाळ्यात एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बशी, आणि चमचा कुठं धरायचा ह्याची पंचाईत.

"अण्णा, आत या की, बाकडी रिकामीच हाईत," मालक म्हणायचा.

"आत न्हाय. रस्ता सरकारचा हाय."

शब्द मोडणारी माणसं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. पाळणारीही एखाददुसरं भेटलं असेल. अण्णांनी शब्द कधी मोडला नाही. ते त्याला वळसा घालून पलीकडं जात, आणि पलीकडं पोचल्यावर आपण सरळच आलो असं सांगत.

माझी पदवीही त्यांच्या अशाच एका बोटानं झाली. पी.यू.सी.ला, म्हणजे बारावीला, मी इंग्रजीत नापास झालो. आमच्या घरात त्याआधी कुणी दहावीच्या पलीकडं गेलं नव्हतं, त्यामुळं वडिलांना त्यात काही विशेष वाटलं नाही. ते म्हणाले, "बस मागावर." पानपट्टीपुढं हे बोलणं चाललेलं असताना अण्णा मध्येच म्हणाले, "हा पोरगा बी.कॉम. होणार. बोललो म्हंजे बोललो."

मला कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या दारावर थाप पडली, आणि पुढं कित्येक वर्षं पडत राहिली. त्यांच्याकडं इंग्रजीचं पुस्तक नव्हतं, जुनी प्रतिज्ञापत्रं होती. तीच ते मला वाचून दाखवत, लिहून घेत, चुका काढत. माझं इंग्रजी त्यामुळं कोर्टाचं झालं. नोकरीच्या पहिल्या अर्जात मी माझं वय शपथेवर सांगितलं होतं. निकाल लागला त्या दिवशी पेढे घेऊन गेलो, पाया पडलो. अण्णांनी पेढा तोंडात टाकला आणि खुर्चीत मागं टेकून म्हणाले, "सुटलो बाबा एकदाचा." तेव्हापासून ते मला नावानं हाक मारत नाहीत. "काय रं, बी.कॉम.?" असं म्हणतात.

आता गाडीचं सांगतो. एका पेट्रोल पंपावर काटा शून्यावर नव्हता असा त्यांना संशय आला. तिथंच बोट आपटलं, "आजपासनं पेट्रोलचा थेंब विकत घेणार न्हाय." स्कूटर भंगारात गेली. अण्णा काही महिने चालले. मग गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्यांनी बॅटरीवरची दुचाकी आणली. आवाज नाही, धूर नाही, पळणंही बेताचंच. गल्लीतली कुत्रीसुद्धा तिच्या मागं लागत नसत.

पानपट्टीवाला म्हणाला, "अण्णा, हे खेळणं काकतीच्या पुढं जायाचं न्हाय." काकती म्हणजे बेळगाव सोडल्यावर लागणारं पहिलं गाव.

"पुण्याला जाऊन परत येतो. बोललो म्हंजे बोललो."

अण्णांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, घरात कपाळाला हात लावला. ज्या गाडीला एका चार्जिंगमध्ये सत्तर-ऐंशी किलोमीटर जमतात, ती घेऊन पासष्टीचा माणूस भर मे महिन्यात पुण्याला निघाला. "पोरा, तू तुझी मोटरसायकल घेऊन मागनं जा बाबा," त्या मला म्हणाल्या. मी ऑफिसात रजा टाकली.

इथं आक्काचं सांगायला हवं. आक्का म्हणजे अण्णांची एकुलती एक मुलगी. सात वर्षांपूर्वी तिनं स्वतःच्या पसंतीनं निपाणीचा मुलगा केला. मुलगा चांगला, तंबाखूच्या वखारीत हिशेब बघणारा, पण अण्णांना न विचारता केलेला. अण्णा गल्लीत सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या घरचं पाणी पिणार न्हाय." बोट आपटलं. निपाणी म्हणजे बसनं दीड-दोन तास. सात वर्षांत अण्णा तिकडं गेले नाहीत. काकू फोनवर लेकीशी बोलायला लागल्या की अण्णा टीव्हीचा आवाज मात्र कमी करायचे.

जाताना पहिलं चार्जिंग संकेश्वरला, एका पंक्चरवाल्याकडं. तिथून पुढं निपाणीतून जाताना अण्णांनी मान इतकी सरळ ठेवली, की मला वाटलं उसण भरली. मुक्काम कोल्हापूर. दुसऱ्या दिवशी कराडला एका हॉटेलवाल्यानं अट घातली, चार्जिंग पाहिजे तर मिसळ घ्यायची. बॅटरी भरेपर्यंत आम्ही तीन-तीन मिसळी खाल्ल्या. मुक्काम सातारा. खंबाटकीच्या बोगद्याकडच्या चढावर गाडीचा वेग इतका उतरला, की शेजारून चढणाऱ्या मालट्रकचा क्लीनर सबंध चढभर अण्णांशी गप्पा मारत वर आला.

"काका, ढकलू का जरा?"

"ढकलणार न्हाय कोण. ती चढतीया."

"चढतीया, पण दिसत नाही."

कात्रजचा नवा बोगदा ओलांडला, पुण्याची पाटी आली. अण्णांनी गाडी लावली, पाटीला हात लावला, माझ्याकडून फोटो काढून घेतला आणि गाडी फिरवली.

"अण्णा, गावात तरी जाऊ की. एवढं आलोय."

"पुण्याला जाऊन येतो म्हटलो हुतो. पुणं बघून येतो असं कुठं म्हटलो?"

परतीच्या वाटेवर कोल्हापुरात गाडी रात्रभर चार्जिंगला होती. तरी सकाळी कागलला चहाच्या निमित्तानं त्यांनी ती पुन्हा लावली. पूर्ण भरून घेतली. कागलहून निपाणी वीस किलोमीटर. निपाणीत शिरताच अण्णांनी गाडी कडेला घेतली, किल्ली फिरवून बंद केली आणि खाली उतरले.

"बसली."

मी डोकावून बघितलं. बंद होता होता पडद्यावर बहात्तर दिसले होते.

"अण्णा, अजून बहात्तर टक्के हाय की."

"आकड्याचं काय ऐकतोस? पुढं तवंदीचा घाट हाय. वाटंत बसली म्हंजे? आणि इथं आता कोण ओळखीचं…" असं म्हणून ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघायला लागले, जसं काही निपाणीत ओळखीचं कोण आहे हे पाटीवर लिहिलेलं असतं.

मग अण्णांनी ती चांगली चालती गाडी भर दुपारी निपाणीच्या बाजारातून ढकलत नेली. दोघाचौघांनी हात लावायला बघितला, त्यांना हाकललं. रस्ता एकदाही विचारला नाही. सात वर्षांत न गेलेल्या घराकडं जाणारा प्रत्येक बोळ त्यांना टीव्हीचा आवाज कमी करून करून पाठ झाला होता.

आक्का दारात आली. समोर बाप, डोक्यावर हेल्मेट, घामानं निथळलेला, गाडीच्या हँडलला धरून उभा. अण्णा तिच्या मागच्या भिंतीकडं बघत म्हणाले, "चार्जिंगची सोय हाय काय इथं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी गाडीकडं बघितलं.

"हाय," ती म्हणाली. "पण वेळ लागंल. चार तास."

"चालंल."

वायर जोडल्यावर पडद्यावर बहात्तर उमटले. आक्का शाळेत गणित शिकवते. तिनं तो आकडा वाचला आणि वायर नीट केली.

सवयीनं ती तांब्या-भांडं घेऊन आली. अण्णांनी हात आडवा धरला. "पाणी नको."

"ठाऊक हाय. ह्याच्यासाठी आणलंय." तिनं भांडं माझ्या हातात दिलं. अण्णांच्या कोरड्या ओठांसमोर ते पाणी पिताना माझी काय अवस्था झाली ते सांगत नाही. मग ती म्हणाली, "पाणी चालत न्हाय. मग करंट कसा चालतोय अण्णा?"

"पाणी पिणार न्हाय म्हटलो हुतो. करंटाचं काय बोललो न्हवतो."

आक्का हसली. हसता हसता ओढणी तोंडाला लावून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्या वेळात तिची मुलगी बाहेर आली, पाचेक वर्षांची. गाडीभोवती एक फेरी मारून तिनं अण्णांना विचारलं, "तुम्ही कोण?"

अण्णांनी गाडीचं हँडल पुसलं. मग म्हणाले, "गाडीवाला."

"आई, गाडीवाले आलेत!" तिनं आत ओरडून सांगितलं आणि खेळायला निघून गेली.

मी अण्णांचा ऋणी आहे हे वर लिहिलंच आहे. त्या क्षणी मात्र त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

आक्का चहा घेऊन आली. "ह्यात पाण्याचा थेंब न्हाय. नुसत्या दुधाचा हाय." अण्णांनी कपात डोकावून खात्री केल्यासारखं केलं आणि तीन कप प्याले. तासाभरात गाडीचा बॅटरी भरल्याचा हिरवा दिवा लागला. तो आम्हा तिघांनाही दिसत होता आणि चार तास होईपर्यंत कुणीच तिकडं बघितलं नाही. बोलणं म्हणाल तर गाडीचंच चाललं. टायर कसले, बॅटरी किती वर्षं टिकते, घाटात तापते काय. निघताना आक्का फाटकापर्यंत आली.

"परत कधी येणार?"

"गाडीवर हाय. जिथं बसंल तिथं थांबायचं."

"आणि बसली न्हाय तर?"

अण्णांनी हेल्मेटचा पट्टा लावला. तो आधीच लावलेला होता.

तवंदीचा घाट चढून वर आल्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि माझ्यापुढं हात केला. मी बाटली दिली. अर्धी एका दमात संपली. मग विचारलं, "कुठनं भरलीस ही?"

"निपाणीतनं."

"निपाणी लई मोठी हाय," अण्णा म्हणाले आणि उरलेली अर्धी संपवली.

वडगावात हार तयार होता. पानपट्टीवाल्यानं स्वतःच्या हातानं तो घातला आणि कान पकडले. अण्णांनी खंबाटकी सांगितली, मिसळ सांगितली, पाटीचा फोटो दाखवला. कुणीतरी विचारलं, येताना शेवटचं चार्जिंग कुठं केलं? "निपाणीत." कुणाकडं? "हाय एक ओळखीचं," अण्णा म्हणाले. काकू दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

मी त्याच आठवड्यात त्यांना पत्र लिहिलं. आमच्या घरापासून त्यांचं घर तिसरं. तरी पोस्टानं पाठवलं. तोंडावर बोललो असतो तर अण्णांनी तिथल्या तिथं काहीतरी बोलून बोट आपटलं असतं आणि उरलेलं आयुष्य ते पाळत बसले असते. बोट आपटायला माणसाला समोर कुणीतरी लागतं. पत्र वाचताना तिथं कुणी नसतं. पोस्टमननं ते माझ्यादेखतच त्यांना दिलं. अण्णांनी पाकिटावरचं अक्षर बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि दार लावून घेतलं.

पुढं काही दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एका रविवारी सकाळी इस्त्रीचे कपडे घालून, हातात कापडी पिशवी घेऊन बाहेर पडले. गाडी दारात झाकलेली होती. "काय रं, बी.कॉम., निपाणीला आता बस कुठली हाय?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. ते स्टँडकडं चालत गेले. तिथं काय झालं ते मला ठाऊक नाही. अण्णांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. परत आले ते आठ दिवसांनी, काकूंना न्यायला. आता दोघंही तिकडंच असतात. इथं सणाला येतात, घर झाडतात, पुन्हा कुलूप लावतात. हॉटेलवाला मला विचारतो, "अण्णा कुठं गेले?" त्यांची उभं राहायची जागा रिकामी दिसते म्हणतो.

मी पाठवलेलं पत्र हे असं होतं.

"ती. अण्णांस सा. नमस्कार.

मी आज जो काही आहे तो तुमच्यामुळं आहे, म्हणून हे लिहायचं धाडस करतो. राग आला तर येऊ द्या.

त्या दिवशी बाटली भरायला मी स्वयंपाकघरात गेलो, तेव्हा आक्कानं मला हळूच विचारलं, 'खरं सांग, अण्णा घाटासाठी आलेत की माझ्यासाठी?' मी म्हटलं, मला ठाऊक नाही. मला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. पण ते तिला दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, म्हणून मी तसं म्हटलं.

पुढच्या वेळी गाडी नेऊ नका. बसनं जा. बसला चार्जिंग लागत नाही. दारात उभं राहिल्यावर आक्का विचारेल, काय पाहिजे. तेव्हा तुम्हाला सांगावं लागेल."