दोन लव्हाळे

मिरा-भाईंदरला नवीन राहायला आलो होतो, त्या काळातली गोष्ट. घोडबंदरला रस्त्याखालच्या पाणथळीत साठीच्या एक बाई साडी खोचून चिखलात उभ्या होत्या. मला बघून त्यांनी हाक मारली, "अहो, जरा खाली येता? मोतीबिंदूमुळे मला बारीक दिसत नाहीये."

मी उतरलो. त्यांच्या हातात लव्हाळ्याचे दोन तुरे होते. दोन्हींचं बी त्यांनी तळहातावर चोळून काढलं आणि भिंग माझ्याकडे दिलं.

"सारखंच असणार. कॉलेजात मी कायम एकच जात म्हणून शिकवलीय. तरी आज शंका येतेय."

बी मोहरीहूनही बारीक होतं. मी म्हटलं, "नाही हो. हे चपटं आहे, हे तिकोनी."

"परत बघा."

परत पाहिलं. तिकोनीच होतं.

मला वाटलं, बाई खट्टू होतील. त्या खळखळून हसल्या. "म्हणजे दोन जाती आहेत! इतकी वर्षं चुकीचं शिकवलं की मी! आजच पोरांना फोन करून सांगते."

स्वतःची चूक सापडल्यावर एवढं खूश झालेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मी वर जायला वळलो, तर त्यांनी माझी बाही धरली.

"थांबा हो. तिसरी निघतेय का तेही बघू."