खुंट्यावरचा हात

हे म्या आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. नवऱ्याला न्हाई, पोरीलाबी न्हाई. तुमच्याजवळ कशी काय बोलून राह्यले, मलाच समजंना — पण ऐका.

आमच्या डोंगराच्या खोऱ्यात गावच्या गुरुजींनी जुन्या जिनसांचं संग्रहालय काढलंय. मोट, पाभर, कणग्या, बैलांच्या झुली. तिथं एक बटन दाबलं की जात्यावरची ओवी लागते. आवाज माझा. लोक वाहवा करतात, अन् मी तिथनं काढता पाय घेते.

कारण ओवीचा गळा खरा माझ्या थोरल्या जावेचा. बाई म्हणतो आम्ही त्यांना. लग्न कुणाचंबी असो, हळद दळायला पहिला सांगावा बाईंना. सासू म्हणायची, म्हणावं तर थोरलीनं. नवराबी तेच म्हणायचा — माझ्या तोंडावर! जळायचे हो मी. मी काय मुकी होते का?

गुरुजी ओव्या भरून घ्यायला आल्ते, तेबी बाईंसाठीच. मला नुसतं समोर बसवलं, दळू लागायला. जात्याच्या एकाच खुंट्याला दोघींचे हात असतात. दोघींनी ओढलं, तरच म्हणणारीला दम पुरतो. हे मला ठाऊक होतं. बराबर ठाऊक होतं.

बाईंनी ओवी उचलली — अन् म्या जोर सोडला. हात खुंट्यावर तसाच. बघणाऱ्याला काय कळणार? सगळं जातं बाईंच्या अंगावर आलं. दुसऱ्याच ओळीला त्यांना धाप लागली, आवाज फाटला. पुन्हा सुरू केली, पुन्हा तेच. मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. लई बरं वाटलं.

"म्हातारी झाले हो मी, गुरुजी," बाई घाम पुसत म्हणल्या. "आमच्या सुमनला म्हणू द्या."

मंग म्या म्हणली. अन् बाईंनी काय करावं? सगळं जातं एकटीनं ओढलं — माझा दम तुटू नये म्हणून. मला हात नुसता ठेवायचा होता. म्या ठेवला.

त्यांना कळलं होतं का? कळलं असतं, तर असं ओढलं असतं का?

त्या दिवसापासून बाईंनी ओवी म्हणली न्हाई. परवा बाईंच्या नातीच्या हळदीला सगळ्या बाया मागं लागल्या, तर म्हणतात, "न्हाई गं, माझा गळा गेला. सुमन हाय ना." तवा बोलायचं होतं, "बाई, तुमचा गळा कुठंच गेला न्हाई." एवढंच. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघून राह्यल्या होत्या.

म्या पदर खोचला, जात्याला बसले, अन् ओवी म्हणली.