लिंबाजीची जर्मन

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी गावात कचेऱ्यांचं आणि क्लासेसचं नुसतं पेव फुटलं. टायपिंग, शॉर्टहँड, शिवणकाम. त्यांच्यात माझी एक पाटी होती : ‘जर्मन शिका.’ खाली माझं नाव, अनंतराव, आणि ‘पुणे येथे शिक्षण’. तिथल्या परीक्षेत मी नापास झालो होतो, ते पाटीवर लिहिलं नव्हतं.

तरी एकतीस जण आले. आमच्याकडे जर्मनीचं नाव मोठं होतं, कारण बहात्तरच्या दुष्काळात तिकडून आलेल्या लोकांनी बोअर मारून गावोगाव पाणी काढून दिलं होतं. त्यात औशाचा कुणी पोरगा तिकडच्या कारखान्यात लागल्याची खबर आली, आणि तिकडं कॉलेजला फी नसते असंही कुणी पिकवलं. मग काय, ज्याला त्याला जर्मनी दिसायला लागली.

महिनाभरात एक माणूस क्लासच्या दाराशी येऊन उभा राहिला. पस्तिशीचा, काटक, उजव्या हाताची दोन बोटं अर्धवट तुटलेली.

“सर, रस्त्यानं जाता जाता ऐकत व्हतो,” तो म्हणाला. “लई दिसांनी जर्मनी कानावर आली.”

हा लिंबाजी कांबळे. दुष्काळात खडी फोडायला गेला होता, तिथून क्लाउस नावाच्या जर्मन साहेबानं त्याला बोअरच्या मशीनवर उचललं. साहेबाला मराठी येत नव्हती, हिंदी येत नव्हती, आणि मशीनवर तर सारखं ओरडून बोलावं लागतं. अडीच वर्षं दोघं औसा-निलंग्याची गावं पालथी घालत हिंडले, एका ताटात जेवले. साहेब गेला, त्याची भाषा लिंबाजीपाशी राहिली. आता तो बोअर विभागात रोजंदारीवर होता, गेली आठ वर्षं.

‘आत या’ म्हणायला मला काय जड होतं? मी फक्त “बस” म्हणालो. कांबळे ऐकल्यावर पुढचं विचारायची गरज मला पडली नव्हती, आणि कुठं बसायचं हे त्यालाही सांगावं लागलं नाही. उंबऱ्याबाहेर, चपलांच्या शेजारी तो बसला. नंतर वर्षभर तिथंच बसत राहिला.

मुलं गेली की मी त्याला हळूच विचारी, हे कसं म्हणायचं, ते कसं म्हणायचं. तो ओशाळून हसे. “सर, असं न्हाई. ह्ये घशातून, खाकरल्यावानी काढायचं.” तो म्हणे, मी घोकी, आणि दुसऱ्या दिवशी तेच फळ्यापुढं ऐटीत सांगे. पोरं वह्यांत उतरून घेत. दारातला लिंबाजी मान डोलवी, जणू त्यालाही ते नवीनच होतं. त्याची शाळा तिसरीत सुटली होती, म्हणून वस्तीत तो अभिमानानं सांगे, “म्या अनंतराव सरांच्या शाळंत जातो.” लाज वाटायला हवी होती. मला बरं वाटायचं.

मग खबर आली की बोअर विभागात नवं मशीन येणार, त्याच्याबरोबर जर्मन इंजिनियर येणार आणि त्याला एक दुभाषी हवा. लिंबाजी अर्ज घेऊनच आला. तो त्याच्या सातवीतल्या मुलीनं, पंचशीलेनं लिहिला होता, वळणदार अक्षरात.

“साहेब तुमालाच इचारणार हाएत, सर. तुमी हाव म्हणलं की झालं. पर्मनंट व्हतो म्या. पोरगी म्हणती, मंग मला म्याट्रिकपतुर शिकीव.”

बोअर विभागाच्या साहेबांनी खरोखरच मला बोलावलं. “मला तर त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुम्हीच त्याची परीक्षा घ्या.”

तोंडी घेतली असती तर दोन मिनिटांत सगळ्या कचेरीला कळलं असतं की गुरू कोण आणि चेला कोण. माझी पाटी, माझी एकतीस पोरं, गावातलं ‘जर्मन सर’ हे नाव! मी म्हणालो, “सरकारी काम आहे, परीक्षा लेखी हवी.” लिंबाजी सगळं कानानं शिकलाय, त्या भाषेतलं एक अक्षरही त्याला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं. माझ्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.

परीक्षेसाठी तो पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आला, बाकावर बसला. धुतलेला सदरा घातला होता. प्रश्नांचा कागद बराच वेळ पाहून हळू आवाजात म्हणाला, “सर, ह्ये मला येत न्हाई. तुमाला ठावं हाय.”

“नियम आहे, लिंबाजी.”

तो वाद घालेल असं वाटलं होतं. त्यानं उत्तराच्या कोऱ्या कागदाच्या तळाशी मराठीत आपलं नाव लिहिलं, कागद माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन चपला घातल्या. दुभाष्याची नेमणूक मला मिळाली.

पहिलं बोअर औशाजवळच्या एका गावात होतं. सगळा गाव जमला होता, साहेब खुर्चीवर होते. जर्मन इंजिनियर भराभर बोलू लागला आणि माझ्या कानात नुसती खडखड. मी ‘या, या’, म्हणजे ‘हो, हो’ करत मान हलवत राहिलो. मशीन चालू झालं. एकाएकी तो वर बघून माझ्याकडे ओरडला, पुन्हा ओरडला. मी थिजलो. वर लोखंडी दांड्याची पकड सुटत चालली होती आणि बरोबर खाली मारोती मजूर वाकून चिखल काढत होता.

लिंबाजीनं हातातला पाना टाकला, मारोतीला कमरेला धरून बाजूला फेकलं, आणि मशीनवाल्याकडे वळून दोन्ही हात वर करत गरजला, “बंद कर!” दांडा धाडकन खाली आला. मारोती होता तिथल्या मातीत हातभर घुसला.

इंजिनियरनं घाम पुसला, लिंबाजीच्या खांद्यावर हात ठेवून काही विचारलं. लिंबाजीनं उत्तर दिलं, झरझर, सहज. इंजिनियर चकित झाला. त्यानं आणखी एक प्रश्न विचारला, तेव्हा लिंबाजीनं माझ्याकडे बोट केलं.

“डास इस्ट माइन लेअरर.”

एवढं मात्र मला कळलं. ते वाक्य त्यानंच माझ्याकडून दहादा घोकून घेतलं होतं.

मला वाचवायला तो तसं म्हणाला, की त्याला खरंच तसं वाटत होतं, हे मी त्याला कधी विचारू शकलो नाही. त्यानंतर तो माझ्या दारात आला नाही. रोजंदारीवरच म्हातारा झाला. पंचशीला सातवीनंतर शाळेत दिसली नाही.

पण त्या वेळी सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगायला ती जागा होती, ती वेळ होती, आणि लिंबाजी समोर उभा होता.

“काय म्हणाला हो तो?” साहेबांनी विचारलं. दुभाषी मी होतो.

“म्हणतो, हे माझे गुरुजी आहेत.”

“वा, अनंतराव!” साहेब म्हणाले, आणि गावानं टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून त्या घेतल्या.